हिंगणवाडी फाट्यावरची विनंती

गाडी हिंगणवाडी फाट्यावरून जायची. म्हणजे नुसती जायचीच. साताऱ्याहून निघून विटा, तासगाव करत सांगलीला पोचणारी ही एस.टी. फाट्यावर धूळ तेवढी उतरवायची. माणसांना बसायचं असेल तर त्यांनी पुढच्या बोरखडीपर्यंत चालत जावं अशी सोय होती. सोय जुनी असल्यामुळे तिला कुणी गैरसोय म्हणत नव्हतं.

या रस्त्यावर दोन सायकली होत्या. गोष्ट त्यांची आहे.

पहिली काळी, जुनी, घंटी नसलेली. ती केरू मास्तरची. केरू फाट्याच्या अलीकडच्या वस्तीत आई राहीबाईबरोबर राहायचा आणि बोरखडीच्या शाळेत शिकवायचा. वस्तीनं धर्म बदलून सहा-सात वर्षं झाली होती. घराघरातले जुने देव नदीला गेले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती.

दुसरी हिरवी, चकचकीत, फौजेतल्या लेकानं पुण्याहून पाठवलेली. ती आप्पासाहेबांची. आप्पासाहेबांचा ऊस फाट्याच्या दोन्ही बाजूंना होता, त्यामुळे ते कुठूनही निघाले तरी आपल्याच शेतातून जायचे.

जुनी रीत अशी होती की आप्पासाहेब समोरून आले की केरूच्या वस्तीतल्या माणसानं बाजूला व्हायचं. डोक्यावर ओझं असेल तर ओझ्यासकट व्हायचं. पुढे सायकली आल्या तेव्हा रीत सायकलही शिकली. समोरून आप्पासाहेब दिसले की खाली उतरायचं, हँडल धरून चालायचं, ते गेले की पुन्हा टांग मारायची. ही रीत कुणी कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून ती खोडताही येत नव्हती.

मास्तरकी लागली आणि सायकल आली त्या आठवड्यात केरू वस्तीच्या बैठकीत उभा राहून म्हणाला, "आजपासून आपण कुणापुढं सायकलीवरनं उतरायचं न्हाई!"

टाळ्या फार जोरात पडल्या. वस्तीत सायकल एकट्या केरूकडेच होती.

हे चावडीवर पोचायला वेळ लागला नाही. आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "नगं उतरू दे की. म्या कुठं उतर म्हंतोय? मला फकस्त त्यो न उतरता जाताना बघायचाय." मग सुपारी कातरत, जणू विषय बदलावा तसं ते म्हणाले, "जतच्या पल्याड शाळंला मास्तर मिळंनात म्हनं. समदी पोरं कानडी बोलत्यात." शाळा समितीवर आप्पासाहेबांचे व्याही होते.

आता केरूपुढे दोन वाटा होत्या. उतरला तर वस्तीत तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि नाही उतरला तर जत. तो मास्तर होता, त्यानं तिसरी वाट काढली. रस्ता सोडून तो पाणंदीनं जाऊ लागला. पाणंद म्हणजे दोन बांधांमधली बैलगाडीची वाट, इथे ती बाभळीच्या काट्यांनी भरलेली. आप्पासाहेब पाणंदीनं जात नसत. खरं म्हणजे कुणीच जात नसे. स्वाभिमान शाबूत राहिला, पण चाक रोज पंक्चर होऊ लागलं. केरू सायकलवरून कुणापुढे उतरला नाही, कारण तो बहुतेक वेळ सायकल ढकलतच असायचा.

राहीबाई म्हणाली, "धर्म बदलला ते ठीक झालं, लेका. आता रस्ता बी बदललास व्हय?"

खांब

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्याआधी एस.टी.ची माणसं आली, फाट्यावर खड्डा खणला, खांब रोवला, खांबावर पत्र्याचा बोर्ड ठोकला आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेली. बोर्डाखाली माणसं जमली. पंक्चर काढणारा आकाराम आला. मेंढरं हाकत बिराप्पा धनगर आला. आप्पासाहेब सायकलवरून आले आणि एक पाय जमिनीला टेकून थांबले. खाली उतरले नाहीत. ते चावडीसमोरही असेच थांबायचे.

तेवढ्यात पाणंदीतून हवा गेलेली सायकल ढकलत केरू बाहेर पडला. आता मागे फिरणं बरं दिसलं नसतं.

आप्पासाहेब म्हणाले, "या, मास्तर आलं. चष्मा इसरलोय. वाच रं, काय लिवलंय?"

केरूनं वाचलं, "विनंती थांबा."

"थांबलोय की. वाच."

"विनंती थांबा."

"आरं, थांबलोय म्हंतो न्हवं! एवढी विनंती कशापायी? वाच म्होरं."

"म्होरं काय न्हाई आप्पासाहेब. बोर्डावर एवढंच हाय."

आप्पासाहेबांनी बोर्डाकडे नव्यानं पाहिलं. "विनंती केलीया? कुणी?"

"एस.टी.नं."

"म्हंजे सरकारनं."

"सरकारनंच, पर..."

"आन् कुणाला केलीया?"

आकाराम मध्येच म्हणाला, "नाव घातलं न्हाई म्हंजे समद्यास्नीच आसंल. दिवाळीच्या रामरामावानी."

आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी उमटलं की बिराप्पानं मेंढराला मारायला उचललेली काठी खाली घेतली. ते म्हणाले, "बघा रं गड्यांनो. आजपातुर सरकार दारात आलं ते हुकूम घिऊन आलं. सारा भरा. लेव्ही घाला. देवी टोचून घ्या. ही पयलीच खेप, हात जोडून आलंय. आन् कसं बोलतंय बघा. थांब म्हनत न्हाई, थांबा म्हंतंय. हुकूम आसता तर म्या बघितलं आसतं. पर विनंतीला न्हाई म्हनायची आमच्या घराण्यात रीत न्हाई."

आणि त्यांनी दुसरा पाय खाली घेतला. सायकलवरून उतरले. रस्त्यात, भर उजेडात, पंचवीसेक माणसांदेखत.

'पर' या शब्दाच्या पुढचं वाक्य केरूच्या तोंडात तयार होतं. पर आप्पासाहेब, ही विनंती तुम्हाला नाही. प्रवाशानं हात केला तर गाडी इथे थांबेल, एवढाच याचा अर्थ. वाक्य सोपं होतं, तिसरीच्या पोरालाही कळलं असतं. केरूनं जमिनीवर टेकलेल्या दोन कोल्हापुरी वहाणा पाहिल्या आणि ते वाक्य गिळलं.

दुसऱ्या दिवशी तो पाणंदीनं गेला नाही. रस्त्यानं निघाला. समोरून हिरवी सायकल आली. बोर्ड मध्ये होता. त्याच्यापाशी पोचताच आप्पासाहेब उतरले आणि केरूही उतरला. कोण कोणापुढे उतरलं हे ठरवायला काही मार्गच नव्हता. दोघंही सरकारपुढे उतरले होते. पानाला चुना लावून होईपर्यंत दोघं दोन बाजूंना उभे राहिले, मग दोघांनी टांग मारली. त्या दिवशी केरूनं तिसरीला शिकवलेलं काहीच बरोबर नव्हतं, पण शिकवताना तो सारखा हसत होता.

इथे काही घडत नाही, माणसं नुसती थांबलेली आहेत

बिराप्पा : किती येळ थांबायचं आसतंय म्हनायचं?

आकाराम : ते लिवलं न्हाई.

बिराप्पा : मग थांबून झालं हे कळायचं कसं?

आकाराम : बिडी संपली की झालं.

बिराप्पा : म्या वडत न्हाई.

आकाराम : मग माझी संपंस्तोवर थांब.

भामाबाई (आप्पासाहेबांची थोरली विधवा बहीण, डोक्यावर भाकरीची पाटी) : आन् बाईमानसानं?

आकाराम : तुमी दम लागला आसंल तर तो जाईस्तोवर थांबा, आक्का.

भामाबाई : मग बस म्हन की संध्याकाळपातुर. पन्नास वर्सांचा दम साठलाय.

राहीबाई (लांबच्या दगडावर बसलेली) : पन्नासच व्हय? तुझं लगीन व्हायच्या आदी म्या लगीन हून आलीया ह्या शिवारात.

भामाबाई : तूच ना गं ती, आमच्या मळ्यात खुरपायला यायचीस आन् जात्यावरच्या ओव्या म्हनायचीस?

राहीबाई : म्हनायची. तू बांधावरनं ऐकायचीस.

भामाबाई : ऐकायची काय, पाठ केल्यात. ये की हिकडं, सावलीला. ऐकू येत न्हाई तिथनं.

(राहीबाई उठून चार दगड अलीकडे येते. फार नाही. चार.)

आप्पासाहेब : मास्तर, ही सायकल पायडल थांबवलं की कटकट कटकट वाजतीया. तुझी वाजत न्हाई.

केरू : माजीचं फ्रीव्हील झिजलंय. तुमचं नवं हाय.

आप्पासाहेब : म्हंजे नवं ते बोंबलतंय आन् जुनं गप बसतंय?

केरू : आसंच हाय सगळीकडं.

(इथे आप्पासाहेब हसतात. का हसले ते केरूला नंतर घरी जाऊनही कळत नाही.)

बिराप्पा : मेंढरं थांबंनात माझी.

आकाराम : त्यास्नी विनंती केली न्हाई सरकारनं. त्यास्नी मत न्हाई.

थांबण्याची सवय

आठवड्याभरात ही बातमी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पोचली. चालणारे थांबू लागले, सायकलवाले उतरू लागले. बैलगाडीवाले कासरा ओढायचे आणि बैल आश्चर्यानं मागे बघायचे. वाचता येणारी आणखी दोन-चार माणसं होती. त्यांनी बोर्ड वाचला तर तिथेही तेच लिहिलेलं होतं.

थांबलेल्या माणसाला बोलायला काहीतरी लागतं. त्यातून बिराप्पाची हरवलेली बकरी सापडली. आकारामच्या मेव्हणीची सोयरीक जमली. उसाला बेणं कुठलं चांगलं, सांगलीच्या बाजारात यंदा हळद कशी आहे, चीनच्या सरहद्दीवरून कुणाचा पोरगा परत आला आणि कुणाच्या घरी तार आली, हे चावडीच्या आधी फाट्यावर कळू लागलं. चावडी म्हातारी दिसायला लागली.

आकारामनं पंक्चरचं सामान कायमचं तिथे हलवलं आणि एक रांजण ठेवला. पाण्याचा प्रश्न नाजूक होता. वस्तीच्या माणसांना वरून ओंजळीत पाणी घालायचं, बाकीच्यांना तांब्यानं द्यायचं, असं आकारामनं मनाशी ठरवलं होतं. पण त्याच्या तांब्याला बुडाशी भोक होतं. तोंडापर्यंत नेईस्तोवर सदरा भिजायचा. म्हणून तो सगळ्यांनाच वरून, भोकाखाली ओंजळ धरायला लावून, पाणी पाजू लागला. पहिल्यांदा आप्पासाहेब ओंजळ धरून वाकले तेव्हा केरूनं नजर दुसरीकडे वळवली. आनंद दिसला असता. आप्पासाहेब नवा तांब्या देतो म्हणाले. ते रोज तसं म्हणायचे.

बोर्डाची विनंती एकच गाडी मानत नव्हती. एस.टी. बोर्डासमोरून भोंगा वाजवत निघून जायची. माणसं उठून उभी राहायची, गाडी गेली की बसायची.

आकाराम तिच्या मागे थुंकायचा. "सरकारचीच गाडी, सरकारचीच विनंती. आमी आडाणी थांबतो आन् ह्यो ड्रायव्हर शिकलेला, ह्यो थांबत न्हाई."

आप्पासाहेब समजूत घालायचे, "गाडीला विनंती चालत न्हाई गड्या. गाडीला हुकूमच पायजे."

हात करून बघू, असं एकदा बिराप्पा म्हणाला. त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं. आकाराम म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं व्हय? धा वर्सं हात करून कधी थांबलीया का?" ते खरं होतं. बोर्ड नव्हता तेव्हा गाडी हात करूनही थांबत नव्हती. हिंगणवाडीनं हात करायचं सोडलं ते कायमचं.

म्हणून सांगलीला जाणारी माणसं फाट्यावर यायची, बोर्डाचा मान राखून रीतसर थांबायची आणि मग गाडी गाठायला बोरखडीला चालत जायची. परत येताना बोरखडीलाच उतरायची, आणि तीच गाडी आपला फाटा, आपला बोर्ड आणि बोर्डाखाली थांबलेला आपला भाऊ मागे टाकायला पुढे निघून गेली की तंगड्या तोडत तिच्या मागून यायची.

हे सगळं केरूला कळत होतं. एका वाक्यानं हे संपलं असतं. पण त्याच वाक्यानं आप्पासाहेब पुन्हा सायकलवर चढले असते. उद्या समोरासमोर आले की मध्ये सरकार नाही, फक्त दोन सायकली. मग जत. किंवा पाणंद.

आणि एक गोष्ट त्यानं स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. आप्पासाहेब हल्ली त्याला 'वाच रं' म्हणत नव्हते. परवा म्हणाले होते, "मास्तर, बसा."

राहीबाईचा गुडघा

पावसाळा सरला तेव्हा राहीबाईचा उजवा गुडघा सुजला. आधी ती वस्तीतून फाट्यापर्यंत एका दमात यायची, आता वाटेत बसू लागली. केरूची बहीण सांगलीला नांदत होती. थंडी सरता सरता तिला मुलगी झाली. बारशाचं आवतण आलं.

राहीबाई म्हणाली, "बोरखडीपातुर मला चालवायचं न्हाई. पर नातीचं बारसं हाय, रांगत जाईन."

केरू म्हणाला, "सायकलीवर मागं बस. मी ढकलत नेतो."

"आन् तिथनं सांगलीला बी ढकलत नेणार व्हय?"

"बोरखडीला गाडी थांबतीया, आये."

"आपल्या फाट्यावर का गं बाई थांबत न्हाई ती?" हे राहीबाई कुणाला उद्देशून म्हणाली नव्हती. चुलीत फुंकर घालता घालता म्हणाली. केरूला उत्तर येत होतं. त्यानं आपल्या सदऱ्याचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं, म्हणून काढून परत लावलं.

बारशाच्या दिवशी सकाळी दोघं निघाली. राहीबाई सायकलच्या मागच्या कॅरिअरवर, मांडीवर झबल्याचं गाठोडं. वस्तीच्या उतारावरच पुढचं चाक बसलं. पाणंद सोडून वर्ष व्हायला आलं होतं, तरी काट्यांनी ओळख ठेवली होती. फाट्यापर्यंतचं अंतर राहीबाई केरूच्या खांद्यावर हात टाकून चालली आणि बोर्डाखाली आल्यावर खालीच बसली.

तिथे रोजची माणसं होती. आज आप्पासाहेबही सांगलीला निघाले होते. दाढ सुजून त्यांचा एक गाल उशीसारखा झाला होता आणि डोक्याला उपरणं बांधलं होतं. दाताच्या डॉक्टरकडे एकटं सोडायला नको म्हणून बहीण भामाबाई सोबत होती. हिरवी सायकल आकारामच्या ताब्यात होती. बोरखडीला चालत निघायच्या आधी दोघं रीतीप्रमाणे थांबली होती.

भामाबाई म्हणाली, "ऊठ राहीबाई, मिळून चालू. बोलता बोलता जाऊ."

राहीबाईनं मान हलवली. "मला आता उठवायचं न्हाई. केरू, तू जा. पोरीला म्हन, आजीनं बोर्डाखालनं आशीर्वाद दिलाय."

ती हसत म्हणाली, म्हणून जास्त लागलं. आणि त्याच वेळी विट्याच्या बाजूला धूळ उठली. गाडी येत होती.

केरूनं गाडीकडे पाहिलं, मग आप्पासाहेबांच्या पायांकडे. वहाणा जमिनीवर होत्या, शांत, सवयीच्या. वर्षभर रोज सकाळी त्यानं त्या अशाच पाहिल्या होत्या. मग त्यानं आईच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि

हात वर केला.

"आरं, हात काय करतोस मास्तर, खुळा हायस का—" आकारामचं वाक्य ब्रेकच्या किंकाळीत बुडालं. गाडी बोर्डाच्या थोडी पुढे जाऊन थांबली. धूळ पुढे गेली, मग मागे आली, मग सगळ्यांच्या अंगावर बसली. कुणी हललं नाही. गाडी थांबल्यावर काय करायचं हे हिंगणवाडीत कुणाला माहीत नव्हतं.

दारातून कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "आलं का ध्यानात एकदाचं? रोज बघतोय, जत्रा भरल्यावानी माणसं, आन् एक हात वर न्हाई! ड्रायव्हर म्हनायचा, ही लोकं गाडी बघायला येत्यात."

आप्पासाहेब उपरण्यातून म्हणाले, "विनंती केलीया की बोर्डावर. तुमीच थांबत न्हाई."

"आवं आजोबा, विनंती तुमी करायची! तुमी हात केला की आमी थांबायचं. विनंती थांबा म्हंजे त्येच. न्हाईतर आमाला काय हौस हाय?"

फाट्यावर बिराप्पाची मेंढरं तेवढी चालत होती.

आप्पासाहेब हळूहळू केरूकडे वळले. एक गाल सुजलेला, दुसरा लाल. "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"पयल्या दिसापासनं?"

"व्हय."

"आन् मला वर्सभर सायकलीवरनं उतरवलंस?"

केरू म्हणाला, "मी न्हाई उतरवलं, आप्पासाहेब. मी फकस्त वाचलं. तुमी उतरला."

भामाबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती.

कंडक्टर ओरडला, "भांडान गाडीत करा! चढा!"

गाडीत

गाडी भरलेली होती. डाव्या बाजूला दोघांच्या बाकावर खिडकीची जागा मोकळी होती, तिच्याशेजारचीही. केरूनं राहीबाईला खिडकीशी बसवलं. आता शेजारची एक जागा उरली आणि तिच्यासमोर दोन पुरुष उभे राहिले.

केरूला वाटलं, हे सायकलीपेक्षा वाईट आहे. आपण बसावं तर साठीचा माणूस, सुजलेल्या दाढेचा, आपल्यासमोर उभा. आपण उभं राहून ही जागा त्यांना द्यावी तर वस्तीत कुणी विचारलंच, 'मास्तर, म्हाताऱ्यासाठी उठलास का आप्पासाहेबांसाठी?' तर काय सांगायचं?

आप्पासाहेबांना काय वाटलं ते उपरण्यामुळे दिसत नव्हतं. ते जागेकडे बघत होते. जागेपलीकडे राहीबाई होती. बसलं तर खांद्याला खांदा लागणार होता, तासगाव ओलांडून थेट सांगलीपर्यंत.

"सरका रं," म्हणत भामाबाई दोघांच्या मधून घुसली आणि राहीबाईशेजारी धपकन बसली. आप्पासाहेबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

ती म्हणाली, "बघतोस काय आप्पा? पाय माजं दुखत्यात, घराण्याचं न्हाईत."

गाडी सुरू झाली. बोरखडी आलं आणि गेलं. दोघी बायका बारशाला काय नाव ठेवायचं यावर बोलू लागल्या आणि मग आवाज खाली घेऊन अशा कशावर तरी बोलू लागल्या की दोघींची डोकी एकमेकींना लागत होती. दोघं पुरुष वरची दांडी धरून उभे होते. एकच दांडी. खड्डा आला की दोघं एकाच बाजूला कलायचे आणि एकाच वेळी सरळ व्हायचे. केरू वाट बघत होता, 'जत' हा शब्द केव्हा येतो याची.

तासगाव जवळ आलं तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "सायकल काय झालीया तुजी?"

"पंक्चर. फाट्यावर टाकलीया."

"उद्या कसा जाणार शाळंला?"

प्रश्नाचा रोख केरूला कळेना. तो सावधपणे म्हणाला, "आकाराम काढील पंक्चर. रस्त्यानंच जाणार. रोजच्यासारखा."

"म्या बी रस्त्यानंच येतो."

"ठावं हाय."

"आता बोर्डापाशी उतरायचं काय कारन न्हाई."

"न्हाई."

"तुला बी न्हाई."

"मला बी न्हाई."

आप्पासाहेबांनी गाल दाबून धरला. मग बाहेर उसाकडे बघत म्हणाले, "पर ते फ्रीव्हील दाखवायचं हुतं तुला. लयच वाजाया लागलंय. चालत्या सायकलीवर कसं दाखवणार? उतरावंच लागंल."

यावर काय बोलायचं हे केरूनं फार विचार करून ठरवलं. "दाखवा की. मी बी उतरीन. उतरल्याबिगर दिसायचं न्हाई."

"आन् फ्रीव्हील काय एका दिसात दुरुस्त हुतंय व्हय?"

"लय दिवस लागत्यात."

तासगावात माणसं उतरली. मागचा एक बाक पूर्ण रिकामा झाला, दोघांचा. कंडक्टर तिकिटं टोचत आला. "आजोबा, मास्तर, मागं जागा झालीया. बसा की."

"नको," दोघं एकदम म्हणाले.

मग आप्पासाहेब म्हणाले, "मास्तर, तुमी बसा."

"न्हाई, आप्पासाहेब, तुमी बसा."

"आवं, तुमी उभं ऱ्हायलाय मघाधरनं."

"तुमची दाढ दुखतीया. तुमी आधी."

"दाढंनं कोन उभं ऱ्हातंय? पायानं ऱ्हातंय. बसा, विनंती करतो."

"मीच करतो."

कंडक्टरनं एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे निघून गेला. कवठ्याला गुळाचा एक जाडजूड अडत्या चढला. त्यानं रिकामा बाक पाहिला, खिडकीशी पिशवी ठेवली, उरलेल्या जागेत स्वतः बसला आणि पाय लांब केले. उभ्या दोघांकडे बघून तो आपुलकीनं म्हणाला,

"लांब जायचंय का पावनं?"

"सांगलीला," दोघं म्हणाले.